गागोद्याच्या विनायकाचे पाठांतर

आमचे उपदेशक बंधू भेटले म्हणजे त्यांच्या तोंडून एक गाऱ्हाणे नेहमी ऐकू येते. रविवारी मुलांकडून सुवर्णवचन घोकून घ्यावे, त्यांनी ते खडाखडा म्हणून दाखवावे, आणि पुढल्या रविवारी विचारावे तर सर्वांनी खाली माना घालाव्या. मुलांचेच काय, वडील माणसांची अवस्था ह्याहून निराळी नाही. आणि खरे सांगावयाचे तर पाळकांचीही नाही. ह्यास्तव पाठांतराविषयी काही लिहावे असे आमच्या मनात आले, व ज्याच्या चरित्रावरून ह्या गोष्टीवर उजेड पडेल असा कोण आहे ह्याचा शोध करू लागलो. तो पुरुष पेण तालुक्यातच सापडला.

आचार्य विनोबा भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे ह्या लहानशा खेड्यात झाला. त्या काळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली पडले. मुलाचे नाव विनायक. वडील नरहरपंत व आई रुक्मिणीबाई. घराणे ब्राह्मणाचे, आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ. विनोबा ख्रिस्ती नव्हते हे वाचकांस ठाऊकच आहे. सर्व धर्म सारखेच आदरणीय मानावे, कोणी आपला धर्म सोडून दुसऱ्यात जाण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत असे. ह्या बाबतीत त्यांची वाट व आमची वाट एक नव्हे, आणि ती एक आहे असे भासविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि त्यांनी नवा करार आस्थेने अभ्यासिला व त्यातील वेचे काढून ख्रिस्तधर्म-सार ह्या नावाचे पुस्तक सिद्ध केले. शेजाऱ्याचे भात आपल्याहून दाट आले असता त्याने लावणी कशी केली हे बांधावर उभे राहून विचारण्यात कमीपणा कसला?

रुक्मिणीबाईंचे शिक्षण फारसे नव्हते. छापील अक्षर त्या एकेक करून, अडखळत वाचीत. परंतु संतांची पदे व अभंग त्यांस पुष्कळ पाठ होते, आणि ती त्यांनी कोठे स्वस्थ बसून पाठ केली नव्हती. चुलीपाशी, दळताना, निवडताना, मुलास न्हाऊ घालताना त्यांच्या मुखी गाणे असेच. त्या नादात कधी भाजीत मीठ दोनदा पडे, कधी मुळीच पडत नसे. आणि घरच्यांनी ते मुकाट्याने खावे असा त्या घरचा रिवाज झाला होता. छोट्या विनायकाचा पहिला पंतोजी हाच. पोर आईच्या मागे मागे फिरे आणि शब्द आपोआप कानांवाटे आत उतरत.

त्याच आईची आणखी एक गोष्ट आहे. देवास एक लक्ष तांदळाचे दाणे वाहण्याचा तिने नेम केला होता व ती रोज एकेक दाणा मोजीत बसे. नरहरपंत हिशेबी मनुष्य, रसायनाच्या विद्येत रमणारे. त्यांनी सुचविले की एक तोळा तांदूळ घेऊन त्यातील दाणे मोजावे, त्यावरून लक्ष दाण्यांचे वजन काढावे आणि हवे तर अर्धा तोळा अधिक घालावा, म्हणजे उणे पडण्याची भीती नाही. बाईंस ह्यावर उत्तर सुचेना. त्यांनी मुलास विचारले. मुलाने सांगितले की ही मोजणी गणिताची नव्हेच. दर दाण्यागणिक देवाची आठवण व्हावी म्हणून ती आहे, आणि वजन करून टाकले तर आठवण एकदाच होईल. आम्हांस तांदूळ वाहण्याचा नेम करावयाचा नाही, पण मुलाने जे ओळखले ते पाठांतराचे मूळ आहे. आमची मुले वचन तोळ्यावर जोखून घेतात. एका बैठकीत वीस वेळा म्हटले म्हणजे काम झाले असे त्यांस वाटते. वीस वेळा एका ठिकाणी आणि एकेक वेळ वीस ठिकाणी, ह्या दोहोंत फार अंतर आहे.

येथे पेण व रोहे येथील वाचकांस त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. कुलाबा जिल्ह्यात बेने इस्राएल लोकांची वस्ती कित्येक शतके होती. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांच्यातील आडनावे आपल्याच गावांवरून पडली. आज त्यांतील बहुतेक घराणी इस्राएल देशात गेली आहेत. ह्या लोकांजवळ एके काळी ग्रंथ राहिला नव्हता व हिब्रू भाषाही राहिली नव्हती, डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण केले ते ह्याच कारणास्तव. परंतु सर्व काही गेले तरी सुंता, शब्बाथ, आणि परमेश्वर एकच आहे हे सांगणारे शमा नावाचे वचन, एवढे त्यांच्यापाशी उरले असे त्यांची परंपरा सांगते. हे वचन अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील. त्याच ठिकाणी मोशेने पाठांतराची रीतही सांगून ठेविली आहे: घरी बसले असता, वाटेने चालताना, निजताना, उठताना ह्या गोष्टींविषयी बोलत जावे व त्या मुलांच्या मनावर बिंबवाव्या. पाटीपुस्तकाचे नावही त्यात नाही. सबंध पुस्तक हातचे गेले आणि एवढे वचन घाण्याभोवती फिरणाऱ्या तेल्यांच्या जिभेवर टिकले, हे पाहिले म्हणजे मोशेच्या रीतीची किंमत कळते.

विनायक सुमारे दहा वर्षांचा असताना मंडळी बडोद्यास राहावयास गेली. मुलाने फ्रेंच शिकावे ही वडिलांची इच्छा, संस्कृत शिकावे ही आईची. शाळेत त्याने फ्रेंच घेतले आणि संस्कृत पुढे आपल्या आपण मिळविले. गणितात तो तरबेज होता. मात्र परीक्षेसाठी डोक्यात भरावयाचे व परीक्षा होताच सांडावयाचे, ह्या विद्येचा त्यास वीट आला. एके दिवशी त्याने आपली प्रशस्तिपत्रके आईच्या चुलीत घातली. आईने कारण विचारले तेव्हा ह्यांचा आपणास पुढे उपयोग नाही असे त्याने कळविले. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेस उतरला, आणि काशीस निघून गेला.

ह्याच मुलखातील दुसरे एक नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला, म्हणजे विनोबांहून ते जेमतेम चार महिन्यांनी लहान. रोह्याशी त्यांचा निकट संबंध, व रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचेच नाव दिले आहे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे विलायतेत आय. सी. एस. च्या परीक्षेतही पहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आणि नंतर अर्थमंत्री. एकाने प्रशस्तिपत्रके मिळविली, दुसऱ्याने जाळली. ज्या पालकांस वाटते की विनोबांचे नाव घेऊन मुले परीक्षेस दांडी मारतील, त्यांनी मुलांस देशमुखांचेही चरित्र सांगावे. आणि मुलांस हेही सांगावे की प्रशस्तिपत्रके जाळणाऱ्याने अभ्यास जाळला नाही. उलट त्या दिवसापासून तो दुप्पट करू लागला. देशमुखही कारभाराच्या धबडग्यात संस्कृत विसरले नाहीत. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत उतरविले.

तरुणपणी विनोबा कविता करीत. तासन्‌तास, दिवसचे दिवस एकेका कवितेवर खपत, आणि मनासारखी उतरली की अग्नीस अर्पण करीत. काशीस गेल्यावर गंगेत सोडीत. पाठांतराच्या लेखात ही गोष्ट विपरीत दिसेल. परंतु ज्याला पुष्कळ लक्षात ठेवावयाचे आहे त्याला पुष्कळ टाकताही आले पाहिजे. आपल्या मंडळीत भाऊबंदांचे पंधरा वर्षांपूर्वीचे अपशब्द तारीखवार सांगणारे लोक आहेत. त्यांची स्मरणशक्ती दुबळी आहे असे कोण म्हणेल?

७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळ कोचरब येथे गांधीजींची भेट झाली व विनोबा आश्रमात राहिले. पुढल्या वर्षी त्यांनी एका वर्षाची रजा घेतली व वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य, पातंजल योगसूत्रे इत्यादींचा अभ्यास केला. ह्याच वर्षात ते महाराष्ट्रात शेकडो मैल पायी फिरले. गावोगावी गीतेवर प्रवचने केली, विद्यार्थी जमविले, आणि वाचनालयाच्या पुस्तकांसाठी पैसा लागला तेव्हा विद्यार्थ्यांसह लोकांची दळणे दळून तो मिळविला. दिवस भरले त्या दिवशी, बरोबर एक वर्षाने, ते आश्रमाच्या दारात उभे राहिले. ज्यांनी रजा दिली होती त्यांच्या ध्यानात ती मुदत राहिली नव्हती. त्यांनी विनोबांच्या सत्यनिष्ठेची वाखाणणी केली, तेव्हा ही गणितनिष्ठा आहे असे सांगून विनोबांनी ती हसण्यावारी नेली.

ह्या वर्षाकडे नीट पाहिले तर त्यांच्या अभ्यासाची घडण दिसते. सकाळी गुरूपाशी बसून थोडे शिकावे. ते चालताना, दळताना मनात घोळवावे. आणि पुढल्या गावी लोकांपुढे उभे राहून पुस्तकावाचून सांगावे. सांगताना जे अडेल ते आपणास कळले नाही किंवा आपल्यात मुरले नाही हे तत्काळ समजते. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाच्या पंडिताने विनोबांच्या जन्मापूर्वी दहा वर्षे, १८८५ साली, आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्याने अर्थ नसलेल्या अक्षरांच्या रांगा स्वतः पाठ केल्या व किती वेळाने किती विसरते हे मोजले. विसर पहिल्या काही घटकांत व पहिल्या दिवसात सर्वांत अधिक पडतो, पुढे त्याचा वेग मंदावतो; आणि तीच मेहनत एका दिवसात उरकण्यापेक्षा काही दिवसांवर वाटली असता अधिक फळ देते, असे त्याने दाखविले. अलीकडे, २००६ साली, अमेरिकेत रोडिगर व कार्पिक ह्या दोघांनी विद्यार्थ्यांकडून उतारे वाचवून घेतले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले, काहींनी पान मिटून जे आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणाऱ्यांची सरशी झाली. एका आठवड्याने विचारले तेव्हा पान मिटून आठवणारे पुढे निघाले. आमची रविवारची गोष्ट नेमकी हीच आहे. पाच मिनिटांच्या परीक्षेत मूल उत्तीर्ण होते आणि आपण त्यास शाबासकी देऊन घरी पाठवितो.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की रविवारी वचन शिकविल्यावर सोमवारी किंवा मंगळवारी, विहिरीवर वा शाळेच्या वाटेवर मूल भेटेल तेथे, ते विचारावे. लगेच सांगू नये. त्यास आठवू द्यावे, थोडे कष्टू द्यावे. आठवड्याने पुन्हा विचारावे, महिन्याने पुन्हा. आणि वचनाचा अर्थ व प्रसंग आधी सांगावा, कारण अर्थाची गाठ नसलेला शब्द सुईत न ओवलेल्या दोऱ्यासारखा निसटतो. पवित्र शास्त्राने स्वतःही आठवणीस आधार दिले आहेत. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे. पण मूळ हिब्रूत बावीस अक्षरांच्या क्रमाने आठ आठ वचनांचे बावीस भाग पाडले आहेत, व प्रत्येक भागातील दर वचन त्या त्या अक्षराने आरंभते. मराठीत ती सोय उतरत नाही, परंतु आठ आठ वचनांचा घास घेण्यास कोणाची हरकत आहे?

विनोबांचे पुष्कळसे अध्ययन तुरुंगात झाले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असताना २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांची अठरा प्रवचने झाली. ती सहजगत्या बोललेली. साने गुरुजींनी ती भराभर टिपून घेतली म्हणून जगास लाभली. १९४२ नंतरच्या कारावासात त्यांस वेल्लोरच्या तुरुंगात ठेविले, तेव्हा त्यांनी तमिळ, तेलुगू, कानडी व मलयाळम् ह्या चारही भाषा एकदम शिकण्यास प्रारंभ केला. तुरुंगाचा अधिकारी चकित झाला. पण त्यात युक्ती होती. ह्या भाषा बहिणी बहिणी आहेत. एकीत भेटलेला शब्द दुसरीत थोडा वेष पालटून भेटतो, आणि एकमेकींच्या ओळखीने सर्वच ध्यानात राहतात. नवे ज्ञान जुन्याच्या खुंटीस टांगावे, ते खाली पडत नाही. भाषा शिकताना त्या भाषेतील भक्तीचा एखादा ग्रंथ धरावयाचा असाही त्यांचा क्रम होता. आसामात गेले तेव्हा माधवदेवांचा नामघोषा त्यांनी असाच आत्मसात केला व त्याचे सार काढले. मुसलमान बंधूंचे कुराण समजावे म्हणून ते अरबी शिकले, व ते पुस्तक मुळातून शुद्ध उच्चारांनी म्हणून दाखवीत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे चरित्र घेतले तिच्याकडे वळतो. बडोद्यास असताना रुक्मिणीबाई कोठे गीतेच्या प्रवचनास गेल्या होत्या. संस्कृत त्यांस समजेना. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने गद्य आणून दिले. त्यांस पद्य हवे होते, कारण पद्य मुखी बसते. त्याने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. ती त्यांस कठीण गेली. तेव्हा ह्याहून सोपी नाही असे मुलाने सांगितल्यावर आईने सुचविले की मग तूच एखादी का लिहीत नाहीस. मुलगा तेव्हा कोवळा होता. ते काम त्याच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि गोष्ट तेथेच राहिली.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजा-पणजास तर वेदाचा शब्द कानावर पडण्याचीही बंदी होती. घनपाठ, क्रमपाठ अशा अजब रीतींनी सहस्रावधी वर्षे एकही मात्रा न ढळू देणारी स्मरणशक्ती ह्या देशात होती. पण तिच्या दारास कुलूप होते, व ते कुलूप ब्राह्मणाच्या घरातील स्त्रीसही लागू होते. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून त्यांस केवढा विरोध सोसावा लागला! त्या मातेने रमाबाईंस पहाटेच्या अंधारात, पक्षी जागे होण्याच्या वेळी, कुशीत घेऊन श्लोक शिकविले, व बारा वर्षांच्या आतबाहेर भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांच्या मुखी झाले. त्याच रमाबाईंनी पुढे ख्रिस्ती झाल्यावर साध्या बायकांस कळावे म्हणून सबंध पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून मराठी भाषांतर केले. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्या प्रभूकडे गेल्या. आईची शिकवण आणि आईच्या भाषेतील ग्रंथ ह्यांचा धागा दोन्ही चरित्रांत आहे, म्हणून हे विषयांतर वाचकांनी पदरात घ्यावे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई व त्यांचा धाकटा मुलगा दत्तात्रेय हे दोघेही गेले. विनोबा आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्यापाशी होते. क्रियाकर्म भटजींकडून न करविता आपण स्वतः करावे असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. त्यांनी स्नान केले व वेदाचे पुस्तक उघडून बसले. आईने मागितलेली गीता मात्र लिहून झाली नव्हती, आणि मागणारी आता नव्हती.

मनुष्य किती श्लोक पाठ म्हणतो ह्यावरून आम्ही त्याची स्मरणशक्ती मोजतो. विनोबांची आम्ही ह्या एका गोष्टीवरून मोजतो. आई गेल्यानंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे, वर्ध्यास त्यांनी लेखणी हाती घेतली. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी सातशे श्लोक पुरे झाले. नाव गीताई ठेविले. त्यात ग्रंथाचे नाव आहे आणि आईही आहे. शब्द घरगुती, चाल मुळातील छंदाची, चरण आखूड, जात्यावर बसलेल्या बाईस श्वास न तुटता म्हणता यावे असे. लिहून झाल्यावर आश्रमातील मुलींस ते शिकवून पाहिले, व जेथे त्या अडल्या तेथे फेरबदल केले. विद्वानांपुढे ठेवण्याआधी मुलींपुढे ठेविले, ही गोष्ट आमच्या उपदेश लिहिणाऱ्या बंधूंनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३२ साली पुस्तक छापून निघाले आणि महाराष्ट्रात घरोघर गेले.

त्यांच्या पुढील आयुष्याचे वृत्त सर्वश्रुत आहे. १९४० साली ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी नावाच्या गृहस्थाने शंभर एकर देऊ केली, आणि तेथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. त्यांतील पुष्कळ जमीन नापीक निघाली किंवा वाटलीच गेली नाही. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेने अनेक चाहते दुखावले. ह्या गोष्टींचा निवाडा येथे करावयाचा नाही. आम्हांस एवढेच दिसते की सुमारे तेरा वर्षे हा कृश, ऐकू कमी येणारा मनुष्य उजाडण्यापूर्वी उठून चालू लागे. जवळ ओझे थोडे, ग्रंथालय सगळे मुखात.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी धाम नदीकाठी पवनार येथे, अन्न व औषध नाकारून काही दिवस लोटल्यावर, त्यांचा अंत झाला. त्यापूर्वी दोन वर्षे वर्ध्यास गीताईचे श्लोक दगडांवर कोरून उभारले गेले होते. त्या शिळा पाहण्यास लोक जातात. आमच्या माहितीची पेण तालुक्यातील एक वृद्ध शेतकरीण मात्र वर्ध्यास कधी गेली नाही, तिला अक्षरही येत नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेली असता ती नातवाकडून ऐकलेली पर्वतावरील प्रवचनाची वचने म्हणत असते, आणि एखादा शब्द चुकला तर पलीकडच्या वाफ्यातून नातू तो सांगतो.